दुभाष्याचा दहीभात

साताऱ्याला परतल्यापासून जो भेटेल तो एकच विचारतो, "काय, महाबलीपुरम पाहिलंत का?" नाही पाहिलं. मरीना पाहिली तीसुद्धा रिक्षातून, मान वळेपर्यंत. बाकी सगळे दिवस मी एका विहिरीच्या आसपास काढले, आणि तेवढ्यात एका सज्जन बाईचं राहतं घर जवळजवळ बिल्डरच्या घशात घातलं. भूत पळवायला गेले होते, हो! तेही चांगल्या मनाने.

झालं असं. माझी भाची केतकी गुम्मिडिपूंडीला एका कारखान्यात इंजिनिअर म्हणून लागली. चेन्नईच्या उत्तरेला ही मोठी औद्योगिक वसाहत. तिथून रोज लोकलने येता येईल म्हणून तिने जॉर्ज टाउनमध्ये, म्हणजे जुन्या घाऊक बाजारात, एका घराची माडी भाड्याने घेतली. फोनवर आईला म्हणाली, "घर मस्त आहे, मालकीणबाई मराठी आहेत, फक्त अंगणात एक भूत आहे." झालं! माझी बहीण नलू त्या रात्री जेवली नाही. सकाळी माझ्याकडे येऊन म्हणाली, "ताई, तूच जा."

मीच का, तर मी आयुष्यभर मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते. भुतं हा माझा खात्यातला विषय. ज्या खोलीला कुलूप, तिथे भूत. ज्या मुलीला घरी जायचंय, तिला ते आधी दिसतं. निम्मी भुतं तर मीच उठवलेली, पोरींनी गच्चीवर जाऊ नये म्हणून. तरी नलूने पिशवीत अंगारा, लिंबं आणि काळा दोरा कोंबलाच. मी नको नको म्हणत घेतलं. नको म्हणावं आणि घ्यावं, ही आमच्या घरची रीतच आहे.

जॉर्ज टाउन

या भागात गल्लीगणिक एकेक धंदा. एका गल्लीत नुसता कागद, दुसरीत स्टीलची भांडी, तिसरीत मिरच्या. मिरच्यांच्या गल्लीतून जाताना मला अशा शिंका आल्या की एका हमालाने पोतं खाली ठेवून मला पाण्याची बाटली दिली. उकाडा तर विचारू नका. पदर पिळावा आणि पुन्हा खोचावा.

अंबुजाबाईंचं घर अशाच एका गल्लीच्या टोकाला. दारात सुबक रांगोळी, जिला इथे कोलम म्हणतात. फाटकाशी सेल्वी नावाची फुलवाली बसते आणि हाताच्या कोपरापासून बोटापर्यंत मोजून मोगऱ्याचा गजरा देते. आत चिंचोळं अंगण, आणि अंगणात दगडी कठड्याची ती विहीर.

"येवा, येवा! प्रवास बरा झाला कीं?" अंबुजाबाई दारातच म्हणाल्या. सत्तरीच्या, बारीक चणीच्या, नाकात दोन्हीकडे चमकी. गणिताच्या शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या, आता एकट्या. "अम्ही मूळ तंजावूरचे. मराठी अमच घरांत बोलतों, बाहेर तमिळ. चूक झाली तर हंसूं नका, मा."

हसते कशाला? कानाला असं वाटत होतं की कुणीतरी पेशवाईतून फोन केलाय. फक्त मधूनमधून तमिळ 'सरी', म्हणजे 'बरं', आणि 'ऐयो'. मी 'आधी चहा' म्हणायच्या आत त्यांनी पितळी पेल्यातून कॉफी दिली, आणि ती प्यायल्यावर मी साताऱ्याच्या सगळ्या कॉफीवाल्यांना मनातल्या मनात माफ केलं.

कॉफी संपल्यावर मी सरळ विचारलं, "अंबुजाबाई, ते भूत कुठाय?"

"विहिरींत," त्या म्हणाल्या, जणू मी बादली विचारली होती.

मग त्यांनी गोष्ट सांगितली. कंपनी सरकारच्या काळात इथे एका गोऱ्या व्यापाऱ्याचं कापडाचं गुदाम होतं. त्याला इथले लोक दोरै म्हणत, म्हणजे आपला साहेब. साहेबाला इथली भाषा येत नव्हती, म्हणून त्याने एक दुभाषी ठेवला. दुभाष्याचं काम साहेबाचं कडू बोलणं गोड करून सांगायचं. एक दिवस याच विहिरीपाशी विणकरांशी सौदा चालला होता. साहेब हसत हसत इंग्रजीत म्हणाला, "या गाढवांना काही कळत नाही. अंगठे उठवून घे, माल आला की हाकलून देऊ." दुभाष्याला त्या दिवशी काय झालं कुणास ठाऊक. त्याने शब्दन् शब्द जसाच्या तसा विणकरांना सांगितला. विणकर गठ्ठे उचलून चालते झाले. त्याच संध्याकाळी साहेबाने दुभाष्याला मारून विहिरीत टाकलं आणि पाय घसरला म्हणून सगळ्यांना सांगितलं.

"परंतु सांगितलं कुठें? इथेंच उभा राहून," अंबुजाबाईंनी कठड्याकडे बोट केलं. "विहिरींतून आवाज आला. ज्याला जी भाषा येते त्याला त्या भाषेंत. 'खोटं. यानेंच मारलं.' साहेब पुढच्याच जहाजानें पळाला. तेव्हांपासून या विहिरीपाशी कोणी खोटं बोलत नाही. बोललं तर तो समोरच्याला खरं सांगतो."

"मराठीतसुद्धा?"

"येतें त्याला. अमच घर इतकी वर्षं अहे इथें, शिकला असेल."

म्हणून गल्लीतला कुणी या अंगणात सौदा करत नाही, सोयरीक बोलत नाही. अमावास्येला मात्र कठड्यावर पेलाभर ताक ठेवतात. बोलून बोलून त्याचा घसा कोरडा पडत असेल, ही भावना. आणि अंबुजाबाईंचा मुलगा श्रीनिवास लहान असताना लाडू कुणी खाल्ले हे विचारायला त्या त्याला विहिरीपाशी आणत. "कठड्याला हात लावला कीं रडत रडत सगळं सांगायचा, पाप," त्या हसल्या. त्यांच्या बोलीत पाप म्हणजे बिचारा.

माझ्या वसतिगृहात असं एक भूत असतं तर मी पाच वर्षं आधीच निवृत्त झाले असते!

उतारा

तरी मी शब्द देऊन आले होते. भूत कितीही सालस असलं तरी खून झालेला जीव. आपली पोर त्याच्या डोक्यावर झोपते. शनिवारी तिन्हीसांजेला मी आपला उतारा करायला घेतला. आपल्याकडचा साधा नेम: दहीभात, लिंबू, नारळ, चिमूटभर गुलाल, माणसावरून उतरवायचा, बाधेच्या जागी ठेवायचा आणि मागे न बघता यायचं.

आता इथेच माझा हात नडला. भुताला का होईना, बेचव अन्न द्यायचं माझ्याच्याने होत नाही. हिंग, मोहरी, उडदाची डाळ, सुकी मिरची, कढीपत्त्याची फोडणी दिली. वर डाळिंबाचे दाणे पेरले. गुलाल केळीच्या पानाच्या कडेला, भाताला लागू नये असा. केतकी कानात यंत्र घालून ऑफिसशी बोलत होती. तशीच तिच्यावरून उतरवला. "मावशी, चिल," एवढंच म्हणाली.

पान घेऊन खाली उतरले. फाटकातून सेल्वीने हाक मारली, फुलं हवीत का म्हणून असावी. उतारा नेताना बोलायचं नसतं. मी मान ताठ ठेवून पान कठड्यावर ठेवलं आणि वळले ती थेट जिन्यात.

सकाळी पान लखलखीत. लिंबू, नारळ, गुलाल जागच्या जागी, दहीभाताचं शीतसुद्धा नाही. मी स्वतःवर खूश झाले. केतकीने कोपऱ्यावरच्या कॉफीवाल्याला आपल्या मोडक्या तमिळमध्ये सगळं रंगवून सांगितलं: आमच्या मावशीने महाराष्ट्राचा विधी केला, दुभाष्याला पोटभर जेवू घालून निरोप दिला. त्याने ते प्रत्येक पेल्याबरोबर गिऱ्हाइकाला वाढलं. आम्ही बस धरायला निघालो तेव्हा गल्लीतल्या दोघींनी मला हात जोडले. मीही जोडले. मोठेपणा कुणाला नको असतो?

कोवलम

रविवार म्हणून केतकी मला कोवलमला घेऊन गेली. केरळातलं नव्हे, हे चेन्नईच्या खालच्या अंगाला किनाऱ्याच्या रस्त्यावरचं कोळ्यांचं गाव. वाळूत रंगीत होड्या ओढून ठेवलेल्या, जाळी वाळत पडलेली, आणि कोळणी अशा आवाजात भाव करत होत्या की मला भाषा न कळताही सगळं कळलं. एकीने माझ्यासमोर मासा उचलून त्याचे कल्ले उघडून दाखवले. मी नाक मुरडलं. तिने दुसरा दाखवला. मी पुन्हा नाक मुरडलं. तिने माझ्याकडे पाहून स्वतःचं नाक मुरडलं, आणि आम्ही दोघी हसत सुटलो. तिनेच दाखवलेल्या टपरीवर लाल मसाल्यातला वंजिरम तळून घेतला. वंजिरम म्हणजे आपली सुरमई, फक्त तिखटात बुडवून काढलेली.

दुसरा तुकडा तोंडात होता तेव्हा केतकीचा फोन वाजला. अंबुजाबाई होत्या. केतकी ऐकत गेली आणि तिचं तोंड उतरत गेलं.

"मावशी, गोंधळ झालाय. श्रीनिवासदादा येत्या शनिवारी बिल्डरच्या माणसाला घेऊन येतायत. घर पाडायचं ठरवायला."

"बरं मग?"

"अगं, त्यांना दोन वर्षांपासून ते विकायचंय. पण त्या विहिरीमुळे एकही बिल्डर अंगणात बसून बोलायला तयार नव्हता. आता कॉफीवाल्याने त्यांना कळवलं, भूत गेलं."

तोंडातला तुकडा मी संपवला, खोटं कशाला सांगू, पण तिसरा कुत्र्याला टाकला.

दुभाषी गेला कीं काय

संध्याकाळी मी अंबुजाबाईंसमोर बसले. मला वाटलं बोलतील, चिडतील. त्यांनी मला कॉफीच दिली.

"तुम्ही चांगल्या मनानें केलांत," त्या म्हणाल्या. "श्रीनि वाईट नाही. बंगळूरला चवदाव्या मजल्यावर राहतो. म्हणतो, अम्मा, एकटी पडशील, तिकडे ये. मी एक महिना राहून अलें. तिथें सगळे आपापल्या खोलींत. मी बोलायला लागलें कीं सून म्हणते, 'एक मिनिट, मा.' ते मिनिट महिनाभर संपलं नाही." मग बाहेरच्या अंगणाकडे बघून म्हणाल्या, "इथें सेल्वी अहे, ताकाला येणारे अहेत, केतकी अहे. इथून हललें तर मी मरेन, मा. उगाच म्हणत नाही."

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मी रेक्टरच्या पद्धतीने ते रागात बदललं. "अंबुजाबाई, काळजी करू नका. मी भूत परत आणते! शनिवारी ते आले की वरून विहिरीत पत्र्याचा डबा सोडते. केतकी माडीवरून मोबाइलवर आवाज लावेल. एका पोरीने माझ्या वसतिगृहात..."

"छे, छे!" त्यांनी दोन्ही कानांच्या पाळ्यांना हात लावले. "त्याच्याच विहिरींत खोटं करायचं?"

मी आयुष्यभर खोट्या भुतांवर संसार केला, आणि ही बाई भुताशीसुद्धा सचोटीने वागत होती. मधे एका संध्याकाळी बीच स्टेशनबाहेरच्या गाडीवर केतकीने मला अत्थो खायला घातलं, म्हणजे ब्रह्मदेशातून परत आलेल्या तमिळांनी आणलेल्या शेवया. चव छान होती, पण मी दुसरी बशी मागितली नाही. केतकी घाबरली. "मावशी, ताप आलाय का?"

गुरुवारी सेल्वी फुलं द्यायला वर आली आणि जाईचना. दारात उभी राहून पदर बोटाला गुंडाळत राहिली. अंबुजाबाईंना बोलावलं. सेल्वी भडाभडा तमिळमध्ये बोलली, आणि अंबुजाबाई आधी गंभीर झाल्या, मग भिंतीला धरून खाली बसून हसायला लागल्या.

"काय झालं? सांगा तरी!"

"तुमचा दहीभात दुभाष्यानें खाल्लाच नाही, मा! हिनें खाल्ला. ही, हिची नणंद आणि रिक्षावाला मणी."

माझा विश्वासच बसेना. उताऱ्याला हात लावायला आमच्याकडे कुत्रंसुद्धा विचार करतं! पण अंबुजाबाईंनी समजावलं. दहीभात म्हणजे इथे देवळातला प्रसाद. लेकरांचा रोजचा घास, दुपारच्या डब्यात, प्रवासाच्या शिदोरीत तोच. त्यावर फोडणी, त्यावर डाळिंब! पान कठड्यावर ठेवून अम्मा निघून गेल्या म्हटल्यावर प्रसाद ठेवला, वाटून घ्या, असाच अर्थ झाला. दुसऱ्या दिवशी तो भुताचा होता हे कळलं तेव्हापासून बिचारी सेल्वी धास्तावून बसली होती. मला काही होईल का, हे तिला विचारायचं होतं.

"तिला सांगा," मी म्हणाले, "झालं तर अजीर्ण होईल, तेही दही आंबट असेल तर."

सेल्वीचा जीव भांड्यात पडला. जाताना म्हणाली, आणखी एकदा करा.

अंबुजाबाई डोळे पुसत उठल्या. एकदम त्यांचा चेहरा निवला. "म्हणजे त्याला कोणी जेवायला घातलंच नाही. गेला कुठें तो? अहेच कीं इथें!" आणि मग माझा हात धरून म्हणाल्या, "शनिवारीं तुम्ही दहीभात करा. मोठं पातेलं. बाकी मी बघतें."

शनिवार

श्रीनिवास सकाळीच आला. चाळिशी ओलांडलेला, केस मागे गेलेले, पाठीवर बॅग. वाकून आईच्या पाया पडला, माझ्याही पडला. माझा निम्मा राग तिथेच गेला, उरलेला मी नेटाने धरून ठेवला. त्याच्याबरोबर पांढऱ्या कडक शर्टातला बिल्डरचा माणूस. त्याच्या हातातल्या पाटीवर रंगीत इमारतीचं चित्र, चित्रात एक कुत्रंसुद्धा होतं.

अंबुजाबाईंनी खुर्च्या विहिरीला टेकून मांडल्या होत्या. "इथेंच बसूं. वारा येतो," त्या म्हणाल्या. वारा कुठला, पानसुद्धा हलत नव्हतं. फाटकाशी सेल्वी गजरे ओवत बसली होती, तिच्यामागे नणंद, मणी आणि पेला हातात घेऊन कॉफीवाला. मी पातेलं घेऊन पायरीवर.

बिल्डरचा माणूस तमिळमध्ये बोलू लागला. केतकी मला हळूच सांगत होती: लिफ्ट असेल, गच्चीवर बाग असेल. अंबुजाबाईंनी शांतपणे विचारलं, "किती दिवसांत बांधून द्याल?" तो तोंड उघडून थांबला. त्याने विहिरीकडे पाहिलं, रुमालाने मान पुसली. मग ऊन लागतंय म्हणत खुर्ची उचलून फाटकाजवळ नेली आणि तिथून म्हणाला, "अठरा महिने." सेल्वी खुदकन हसली.

"पाहिलंस का, अम्मा, लोकांना कसं घाबरवून ठेवलंयस!" श्रीनिवास वैतागून मराठीत म्हणाला. "या गोष्टी लहान पोरांना सांगायच्या. मी काय लहान अहे?"

"नाहीस," अंबुजाबाई म्हणाल्या. "मला बाकी काही नको, रे. लिफ्ट नको, बाग नको. एकच सांग. हें घर पाडलं, मी तुझ्याकडे अलें, तर तिथें मी तुम्हांला हवी अहें कां? हो म्हण, मी आज सही करतें."

मला वाटलं, हरलो. "हो" म्हणायला काय लागतं? लेक आहे, हो म्हणणार, आणि ही बाई शब्दाची पक्की, सही करणार. मी पातेल्याचा काठ घट्ट धरला.

श्रीनिवास उठला. "अर्थात हवी अहेस, अम्मा. हा काय प्रश्न..." असं म्हणणार होता तो. तोंडाची ठेवण तीच होती. पण बोलण्याआधी त्याचे पाय हलले. चांगला शिकलेला, भुतंखेतं न मानणारा तो माणूस विहिरीपासून बाजूला झाला, पार जास्वंदीच्या झाडापर्यंत गेला, आणि तिथून म्हणाला, "हो, अम्मा."

आपण कुठे उभे आहोत हे त्याला बोलून झाल्यावर कळलं. आम्हाला सगळ्यांना आधीच कळलं होतं. कॉफीवाल्याने पेला खाली ठेवला. मला जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता, पण त्या माणसाचा चेहरा बघून नेटाने धरलेला उरलेला रागही सुटला.

"इकडे ये," अंबुजाबाई म्हणाल्या. आवाज अगदी मऊ. "इथें उभा राहून सांग, श्रीनि. मी रागावणार नाही."

तो आला. कठड्यावर हात ठेवला. खाली पाण्याकडे बघत राहिला. ओठ दोनदा हलले. लाडू खाल्लेल्या पोरासारखे त्याचे डोळे भरून आले, आणि बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "अम्मा, दहीभात अहे कां?"

मी उठून पातेलं पुढे केलं. अंबुजाबाईंनी त्याच्या तळहातावर घास ठेवला, इथे लेकरांना ठेवतात तसा, मध्ये बोटाने खळगा करून. त्याने तिथेच उभ्याउभ्या खाल्ला. मग दुसरा. तिसऱ्या घासाला तो रडत होता आणि अंबुजाबाई "तिखट लागलं कां, पाप" म्हणत त्याची पाठ चोळत होत्या. बिल्डरच्या माणसाने चित्र बगलेत मारलं; पण सेल्वीने त्यालाही पानावर वाढल्याशिवाय सोडलं नाही.

मी निघाले त्या दिवशी केतकी कामावर गेली होती. अंबुजाबाई मला पोचवायला अंगणापर्यंत आल्या. आपण निघताना म्हणतो तसं मी सवयीने म्हणाले, "या हं आमच्याकडे! आणि मी येईनच पुन्हा!" जन्मात मी हे किती जणांना म्हटलंय आणि कितीकडे गेलेय, ते माझं मला ठाऊक. बोलून गेले आणि पाहिलं, तर माझी पिशवी कठड्यावर होती आणि हात पिशवीवर.

अंबुजाबाई नुसत्या हसल्या, विहिरीकडे बघून.

पोंगलचं तिकीट काढलंय. नलू विचारते, "भूत गेलं ना गं?" तिला म्हटलं, तू चल माझ्याबरोबर, आणि तिथे उभी राहून विचार.